काळ्या मातीतली चाकोरी आणि जागं ठेवणारी गोळी

सावद्याहून केळीचा ट्रक भरून निघाला की दिल्लीपर्यंत घड्याळाशी शर्यत. माल वाटेत पिकला तर भाव गेला. आमच्या ओळखीतल्या एका चालकाने वीस वर्षं हेच काम केलं. दीड वर्षापूर्वी बऱ्हाणपूरच्या अलीकडे, पहाटेच्या अंधारात एक मोटारसायकल त्याच्या ट्रकखाली आली. चूक त्याची नव्हती. पण तेव्हापासून मागे हॉर्न वाजला की तो दचकतो, ट्रकच्या केबिनमध्ये चढायचं नाव काढत नाही. विचारलं तर एवढंच म्हणतो, "मले झोप येत नही." घरच्यांनी मीठ-मोहरी ओवाळून दृष्ट काढली. भाऊंनी धसका घेतला, असं गल्लीत सगळे म्हणतात.

धसका हा शब्द मला तरी फार नेमका वाटतो. वैद्यकात त्याला आघातोत्तर तणाव विकार, म्हणजे पीटीएसडी म्हणतात. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत हे नाव 1980 साली आलं, व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांमुळे.

मी अडलो ते दुसऱ्याच गोष्टीवर. त्या रात्री डोळा लागू नये म्हणून त्याने ढाब्यावरून एक गोळी घेतली होती. तिच्यात काय होतं ते त्यालाही माहीत नाही, बहुधा देणाऱ्यालाही नसावं. पण जागं ठेवणारं औषध आणि धसका यांचा काही संबंध असू शकतो का?

हा प्रश्न अमेरिकी लष्करात विचारला गेला आहे. 2001 ते 2008 या काळात सुमारे 26 हजार सैनिकांचा माग ठेवला गेला. त्यातल्या 1,215 जणांमध्ये पीटीएसडीची लक्षणं नव्याने दिसली. ज्यांना अँफेटामिन, मिथाइलफेनिडेट अशी उत्तेजक औषधं लिहून दिलेली होती, त्यांच्यात हा धोका जवळपास पाच पट निघाला. औषधाच्या चिठ्ठ्या जितक्या जास्त, तितका धोकाही जास्त.

आकडा ऐकून लगेच गोळीला फाशी देऊ नये. झोप उडालेल्या, लक्ष न लागणाऱ्या माणसालाच ही औषधं मिळतात, आणि झोप उडणं, लक्ष न लागणं ही धसक्याचीच सुरुवात असू शकते. आधी काय नि नंतर काय, हे अशा पाहणीतून सुटत नाही. तरीही संशयाला जागा आहे, आणि ती जागा मेंदूत आहे.

आपल्याकडच्या काळ्या मातीत पावसाळ्यात बैलगाडी गेली की चाकाची खोल चाकोरी उमटते. ओल असेतोवर ती मोडता येते. चैत्रात तीच दगडासारखी होते, मग प्रत्येक गाडी तिच्यातूनच जाते. आठवणही घटना घडल्यावर काही तास अशीच ओली असते. भीतीच्या क्षणी अंगात अ‍ॅड्रेनालिन आणि मेंदूत नॉरअ‍ॅड्रेनालिन ही सावध करणारी रसायनं उसळतात, आणि गाडीचं ओझं वाढावं तसं चाक खोल रुततं. अमिग्डाला हा मेंदूतला बदामाएवढा भाग त्यात पुढे असतो. उत्तेजक औषधं हेच नॉरअ‍ॅड्रेनालिन वाढवतात, सोबत डोपामिन हे मेंदूतलं दुसरं रसायनही.

हे माणसांत तपासलं गेलं 1994 साली, कॅलिफोर्नियात. लोकांना चित्रं दाखवत एका मुलाच्या अपघाताची गोष्ट सांगितली. निम्म्यांना आधी प्रोप्रानोलॉल दिलं होतं. हे रक्तदाबाचं जुनं औषध अ‍ॅड्रेनालिनचा परिणाम अडवतं. आठवड्यानंतर विचारलं, तर बाकीच्यांना अपघाताचा भाग ठळक आठवत होता. प्रोप्रानोलॉलवाल्यांना तो इतर भागांएवढाच आठवला. मग अपघातानंतर लगेच हीच गोळी द्यावी की! तसंही करून पाहिलं गेलं, पण धसका टाळण्यात तिला फारसं यश आलं नाही. खऱ्या अपघातात चाक आधीच रुतलेलं असतं.

उलट बाजूचा प्रयोग मला जास्त अस्वस्थ करतो. 1993 साली पीटीएसडी असलेल्या 20 माजी सैनिकांना योहिम्बिन नावाचं औषध दिलं. हे नॉरअ‍ॅड्रेनालिनचा ब्रेकच सैल करतं. 14 जणांना भीतीचा झटका आला आणि 8 जण क्षणभर पुन्हा युद्धातच जाऊन पोचले. म्हणजे आधीच चाकोरी पडलेल्या मेंदूत नुसतं रसायन वाढलं, तरी गाडी तिच्यात घसरते.

आता गंमत बघा. धसका उतरवण्याच्या उपचारात जुनी चाकोरी पुसत नाहीत. तिच्या शेजारी नवी पाडतात. रुग्ण समुपदेशकासोबत त्या आठवणीला थोडं थोडं सामोरा जातो आणि मेंदू शिकतो, की हॉर्न म्हणजे दरवेळी अपघात नव्हे. शिकायला सावधपणा लागतो. उंदरांवरच्या प्रयोगांत मिथाइलफेनिडेटने हे शिकणं सुधारलं. 2016 साली पीटीएसडी किंवा डोक्याला मार लागलेल्या 32 जणांवरच्या छोट्या चाचणीत बारा आठवड्यांच्या मिथाइलफेनिडेटनंतर धसक्याची लक्षणंही कमी झाली. 32 माणसांवरून औषध ठरत नाही, पण तेच रसायन एका वेळी चाक रुतवतं आणि दुसऱ्या वेळी नवी वाट पाडायला हातभार लावतं, एवढं मात्र दिसतं. मात्रा किती, वेळ कोणती आणि पुढ्यात काय चाललंय, यावर सगळा खेळ. ढाब्यावरच्या गोळीत यातलं काहीच मोजलेलं नसतं. आपल्याकडे मिथाइलफेनिडेट अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं, म्हणून ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळू नये.

भाऊ आता मनोविकारतज्ज्ञांकडे जातो. त्याआधी 14416 या टेलिमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी मदतवाहिनीच्या, मोफत नंबरवर फोन वहिनींनीच लावला होता. मी हे सगळं त्यांना सांगत बसलो, तेव्हा त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग यांचा चहा बंद करू का?" चहातलं कॅफिन वेगळ्या वाटेनं जातं, मेंदूला दमल्याचा निरोप देणारं अडेनोसिन ते अडवतं. पण त्याचा निम्मा अंश उतरायला पाचेक तास लागतात. म्हटलं, सकाळचा राहू द्या. रात्रीच्या जेवणानंतरचा मात्र त्यांनी त्याच दिवशी बंद केला.