पावसाळी हवेत लोणचं कुठून बिघडतं

जून लागला की मुंबईत मिठाला पाणी सुटतं. हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेऊ लागतं, आणि पावसाळ्यात इथली हवा बहुतेक वेळ त्याहून दमट असते. कैरीचं वर्षाचं लोणचं घालताना ही गोष्ट आधी लक्षात घ्यायला हवी.

एक किलो फोडींना 200 ग्रॅम मीठ, 100 ग्रॅम मोहरीची डाळ, 60 ग्रॅम तिखट, 20 ग्रॅम हळद, मेथी आणि हिंग 10-10 ग्रॅम, तेल 400 मिली. कैरी राजापुरी घ्या, टणक आणि बाठ धरलेली. पाड लागलेली अजिबात नको. पिकू लागलेल्या फळातली एन्झाइम पेक्टिन, म्हणजे फोड टणक ठेवणारा घटक, तोडतात आणि फोड गिळगिळीत होते. कैऱ्या धुऊन, कोरड्या पुसून मगच चिरा. फोडी पंख्याखाली तासभर पसरा, मग मीठ-हळद चोळून रात्रभर ठेवा.

मिठामुळे फोडीतलं पाणी बाहेर येतं, तोच खार. तो फेकू नका. एवढा खारट आणि कैरीच्या आम्लाने आंबट झालेला द्रव कुजवणाऱ्या जिवाणूंना मानवत नाही. बुरशी मात्र चिवट. काही बुरशी एवढं मीठही सोसतात, आंबटही सोसतात. पण त्यांना हवा लागते. म्हणून तेल.

तेल धूर येईपर्यंत तापवा, पूर्ण गार होऊ द्या, मगच मसाला लावलेल्या फोडींवर घाला. इथे घाई केली तर मोहरीचा झणका जातो. अख्ख्या मोहरीत तो नसतोच; दाणा फुटून ओलावा लागला की मायरोसिनेज नावाचं एन्झाइम दाण्यातल्याच सिनिग्रिन या घटकापासून तो झणका तयार करतं. कढत तेलात हे एन्झाइम मरतं, आणि मागे कडवटपणा उरतो.

पहिल्या आठवड्यात फोडी आणि मसाला तेल पितात, पातळी उतरते. गार केलेलं तेल पुन्हा घाला, फोडींच्या वर बोटभर राहील इतकं. तेलाबाहेर डोकावणारी एकच फोड पुरते: तिच्यावरचं मीठ दमट हवेतलं पाणी घेतं, तेवढ्या जागेपुरता खार पातळ होतो आणि हवा तर मिळालेलीच असते. पांढरा ठिपका पहिल्यांदा तिथेच दिसतो.

नुसता दादरा, म्हणजे बरणीच्या तोंडाला बांधायचं कापड, इथे भागवत नाही; कापडातून दमटपणा आत जातोच. घट्ट झाकण लावा, त्यावर दादरा बांधा. रोजचं लोणचं छोट्या बाटलीत काढा, मोठी बरणी महिन्यातून एकदाच उघडा, कोरड्या डावाने. फ्रिजमधली बरणी बाहेर काढून लगेच उघडू नका, गार तेलावर दव धरतं.

बुरशी दिसली तर वरचा थर काढून खाली चांगलं आहे असं समजू नका. बुरशी आम्ल खाते, आंबटपणा उतरतो आणि आधी अडवलेल्या, विषारीसुद्धा, जिवाणूंना वाट मिळते. अख्खी बरणी टाकून द्या.