जिगसॉ पद्धत

एखाद्या विषयावरच्या मजकुराचे भाग पाडायचे, गटातल्या प्रत्येक मुलाला एकच भाग द्यायचा आणि बाकीचं सगळं त्यांनी एकमेकांकडूनच शिकायचं, अशी ही वर्गातली शिकायची रीत. सुरुवात झाली १९७१ साली, टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात. कोर्टाच्या आदेशानंतर गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं तिथे नुकतीच एका वर्गात आली होती आणि शाळांमध्ये मारामाऱ्या चालल्या होत्या, म्हणून मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरन्सन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांना बोलावलं गेलं. त्यांना दिसलं ते असं की टीचर प्रश्न विचारणार, चार हुशार मुलं हात वर करणार, एकाचं चुकलं की दुसरा खूश, आणि ज्याचं इंग्रजी कच्चं तो गप्पच. अशात मैत्री कुठून होणार?

मग पाचवीच्या मुलांसाठी त्यांनी पत्रकार जोसेफ पुलित्झर यांचं चरित्र सहा परिच्छेदांत लिहिलं आणि सहा जणांच्या गटात एकेकाला एकेक परिच्छेद वाटला. पूर्वजांची माहिती एकाकडे, बालपणाची दुसऱ्याकडे, टेस्ट मात्र सगळ्यावर, त्यामुळे अडखळत बोलणाऱ्या मुलाचंही ऐकावंच लागायचं, नाहीतर आपलंच नुकसान.

यातली सगळ्यात महत्त्वाची आणि घाईत हमखास गाळली जाणारी पायरी म्हणजे तज्ज्ञ गट. सारखाच भाग मिळालेली मुलं आधी एकत्र बसतात, काय कळलं काय नाही ते बोलतात, कसं सांगायचं याची प्रॅक्टिस करतात आणि मगच आपापल्या गटात परत जातात. वाचनात मागे असलेल्या मुलाला खरा आधार इथेच मिळतो, ही पायरी काढली तर त्याला सगळ्यांसमोर उघडं पाडल्यासारखंच आहे.

ऑस्टिनमध्ये मुलं एकमेकांना जास्त आवडायला लागली, काळ्या आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांचे मार्क वाढले आणि गोऱ्या मुलांचे काही कमी झाले नाहीत.

पुढे ॲन ब्राउन आणि जोसेफ कॅम्पिओन या मानसशास्त्रज्ञांनी कॅलिफोर्नियात ओकलंडच्या शाळांमध्ये हीच कल्पना कितीतरी मोठी केली. तिथे एका परिच्छेदावर भागत नव्हतं, नामशेष होत चाललेले प्राणी किंवा अन्नसाखळी असे विषय घेऊन मुलं कितीतरी आठवडे माहितीपर पुस्तकं वाचायची, प्रश्न स्वतःच काढायची, लिहायची, आणि हे करणाऱ्यांत दुसरीतली मुलंसुद्धा होती.