पार्श्वभूमी: वीज कंपनीची एक मागणी आणि सुबारूची चार चाकं

जपानच्या ईशान्येकडच्या तोहोकू भागात हिवाळाभर बर्फ असतो, आणि विजेच्या वाहिन्यांची पाहणी बर्फ वितळेपर्यंत थांबवता येत नाही. तोहोकू इलेक्ट्रिक पॉवर या कंपनीचे कर्मचारी या कामाला जीपच्या धाटणीच्या गाड्या वापरत. त्या कुठेही चढत, पण आत थंडी आणि हादरे इतके की दिवसभर बसणं नको व्हायचं. १९७०च्या सुमारास कंपनीने स्थानिक सुबारू विक्रेत्याला, मियागी सुबारूला, विचारलं: साध्या बंद गाडीला चारही चाकांची ओढ देता येईल का?

विक्रेत्याच्या वर्कशॉपने एफएफ-१ १३०० जी ही पुढच्या चाकांवर चालणारी व्हॅन घेतली, निस्सान ब्लूबर्डचा मागचा डिफरन्शियल (दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच) तिच्या मागे बसवला आणि गिअरबॉक्सपासून तिथपर्यंत एक प्रोपेलर शाफ्ट टाकला. गाडी चालली. मग मूळ कंपनीने, फुजी हेवी इंडस्ट्रीजने, काम हाती घेतलं. १९७१च्या टोकियो मोटर शोमध्ये ही व्हॅन मांडली गेली. या जातीच्या गाड्या एकूण आठच बनल्या, पण सप्टेंबर १९७२ मध्ये तिचीच वारस, लिओन इस्टेट व्हॅन फोर व्हील ड्राइव्ह, रीतसर विक्रीला आली. चारही चाकांच्या ओढीसाठी गाजलेली ऑडीची क्वाट्रो यायला अजून आठ वर्षं होती. ब्रिटनच्या जेन्सन एफएफने १९६६ मध्येच रस्त्यावरच्या मोटारीला चारही चाकांची ओढ दिली होती, पण ती श्रीमंतांची गाडी होती, जेमतेम ३२० बनल्या. लिओन ही शेतकऱ्याने, डॉक्टरने, वायरमनने घ्यायची गाडी होती.

एका विक्रेत्याच्या वर्कशॉपला हे जमलं, कारण अर्धं काम १९६६च्या सुबारू १००० या गाडीने आधीच करून ठेवलं होतं. शिनरोकू मोमोसे यांच्या हाताखाली तयार झालेल्या त्या गाडीत ९७७ सीसीचं चार सिलिंडरचं आडवं इंजिन होतं: दोन सिलिंडर डावीकडे, दोन उजवीकडे, पिस्टन समोरासमोर. यालाच बॉक्सर म्हणतात. असं इंजिन लांबीला आखूड आणि उंचीला बुटकं असतं, म्हणून ते पुढच्या अॅक्सलच्याही पुढे, गाडीच्या लांबीच्या रेषेत बसवता आलं. त्याच्या मागे पुढचा डिफरन्शियल, त्यामागे गिअरबॉक्स. तेव्हा हेतू वेगळाच होता: पुढची चाकं ओढणारी गाडी करायची, म्हणजे मधला शाफ्ट जातो आणि आतली जमीन सपाट मिळते. खरी अडचण होती पुढच्या हाफ-शाफ्टच्या जोडांची, कारण चाक वळताना आणि वरखाली होताना साधा जोड थरथरायचा. टोयो बेअरिंगबरोबर (आजची एनटीएन) मिळून बनवलेल्या डबल ऑफसेट जॉइंटने ती सुटली.

या मांडणीत गिअरबॉक्सचं शेपूट थेट मागच्या अॅक्सलकडे रोखलेलं असतं. तिथून ओढ बाहेर काढायला एक गिअर आणि एक शाफ्ट पुरतो. इंजिन गाडीच्या रुंदीच्या रेषेत बसवलेल्या आजच्या बहुतेक मोटारींत हीच ओढ मागे न्यायची तर ती आधी काटकोनात वळवावी लागते, आणि त्या वळणाच्या पेटीत ताकद जाते व उष्णता वाढते. जिप्सीसारख्या गाडीत उलटा प्रश्न असतो: मागच्या चाकांची ओढ पुढे आणायची म्हणून वेगळा ट्रान्सफर केस, बाजूने पुढे जाणारा दुसरा शाफ्ट, आणि या सगळ्याला जागा हवी म्हणून उंच बॉडी. सुबारूला यातलं काहीच लागलं नाही. पुढे कंपनीने ज्याला ‘सिमेट्रिकल’ म्हणून मिरवलं, ती डाव्या-उजव्या शाफ्टची सारखी लांबी हे सपाट जमिनीच्या हट्टाचं उपफळ आहे.

बॉक्सर इंजिन पाहून अनेक जण विमानांशी थेट नातं जोडतात. नातं आहे, पण ते कारखान्याचं आहे, इंजिनाचं नाही. नौदलातून बाहेर पडलेल्या चिकुहेई नाकाजिमा यांनी १९१७ मध्ये गुन्मा प्रांतातल्या ओता इथे विमानांचं काम सुरू केलं. दुसऱ्या महायुद्धातलं झीरो लढाऊ विमान मित्सुबिशीच्या आरेखनाचं, पण त्याचं साकाए इंजिन नाकाजिमाचं, आणि एकूण झीरोंपैकी निम्म्याहून जास्त नाकाजिमाच्याच कारखान्यात बनली. साकाए मात्र चौदा सिलिंडर गोलाकार मांडलेलं रेडियल इंजिन होतं, बॉक्सरशी त्याचा काही संबंध नाही. युद्धानंतर विमानं बनवायला बंदी आली आणि कंपनीचे तुकडे पाडले गेले. पोटासाठी १९४६ मध्ये रॅबिट स्कूटर काढली, सुरुवातीच्या गाड्यांना बॉम्बर विमानांच्या शेपटीची उरलेली चाकं लावून. त्याच वर्षी इटलीत पियाजिओ हा दुसरा विमान कारखाना व्हेस्पा बाजारात आणत होता, जिच्या परवान्यावर पुढे बजाजची स्कूटर बनली. १९५३ मध्ये तुकड्यांपैकी पाच कंपन्यांनी एकत्र येऊन फुजी हेवी इंडस्ट्रीज उभी केली. बोधचिन्हातला एक मोठा आणि पाच लहान तारे ते हेच, आणि तारकापुंज आपल्या ओळखीचा: कृत्तिका. मोटारीच्या नावावरून अख्ख्या कंपनीचं नाव सुबारू व्हायला मात्र १ एप्रिल २०१७ उजाडलं.

पहिली यशस्वी मोटार होती १९५८ची सुबारू ३६०: मागे ३५६ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, वजन ४०० किलोच्या आत. जपानी माणसाला ती परवडली आणि आवडली. अमेरिकेत तिची शोभा झाली. माल्कम ब्रिकलिन यांनी १९६८ मध्ये ती आयात केली, कारण १००० पौंडांखालच्या गाडीला तिथले सुरक्षेचे नियम लागू नव्हते. जाहिरातीतही स्वस्त आणि कुरूप असं सरळ म्हटलेलं. १९६९ मध्ये कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहक मासिकाने तिला ‘अस्वीकार्य’ ठरवलं आणि विक्री बसली. अमेरिकेत सुबारूला वाचवलं ते लिओनच्या फोर व्हील ड्राइव्ह वॅगनने, १९७५ पासून, व्हरमाँट-कोलोरॅडोसारख्या बर्फाच्या राज्यांत. १९७०च्या दशकाच्या अखेरीस आलेली ब्रॅट ही छोटी पिकअप तर करचुकवेगिरीचा नमुनाच. आयात ट्रकवर २५ टक्के जकात होती, म्हणून मागच्या हौद्यात उघड्यावर दोन प्लास्टिकच्या खुर्च्या जोडल्या आणि तिला प्रवासी मोटार म्हणून उतरवलं. रोनाल्ड रेगन यांच्या रँचवर अशी एक ब्रॅट होती.

सुरुवातीची लिओन ‘पार्ट-टाइम’ होती, आणि तिची मर्यादा समजल्याशिवाय पुढचं काही समजत नाही. गाडी वळते तेव्हा चारही चाकं वेगवेगळ्या त्रिज्येची वर्तुळं काढतात आणि पुढची जोडी मागच्या जोडीपेक्षा जास्त अंतर कापते. मध्ये डिफरन्शियल नसेल आणि दोन्ही अॅक्सल एकमेकांना जखडलेले असतील, तर तो फरक कुठेतरी निघावा लागतो. बर्फावर, चिखलात चाक थोडं घसरून तो काढून टाकतं. कोरड्या डांबरावर ते घसरत नाही, मग शाफ्ट पिळतो, स्टीअरिंग जड होतं, टायर कुरकुरतात आणि गाडी ब्रेक लावल्यासारखी अडते. म्हणून लिव्हर ओढायचा तो निसरड्यावरच, आणि डांबर लागताच सोडायचा. १९८१ मध्ये ऑटोमॅटिक लिओनमध्ये तेलात बुडालेल्या अनेक प्लेटांचा, हायड्रॉलिक दाबाने आवळणारा क्लच आला. प्लेटा थोड्या सरकू शकतात, त्यामुळे पिळाला वाट मिळाली. याच क्लचवर नंतर इलेक्ट्रॉनिक ताबा आला, मॅन्युअल गाड्यांना सेंटर डिफरन्शियल व व्हिस्कस कपलिंग (दाट द्रवातून ओढ वाटणारा जोड) मिळालं, आणि लिव्हर गेला. एक गोष्ट विक्रेते सांगत नाहीत: ‘सुबारूची ऑल व्हील ड्राइव्ह’ अशी एकच यंत्रणा नाही. मॅन्युअलमध्ये ओढ पुढे-मागे ५०:५०, साध्या ऑटोमॅटिकमध्ये पुढे झुकलेली, एसटीआय या वेगवान आवृत्तीत चालकाला फिरकीने बदलता येणारी.

१९८९च्या लेगसीने सगळंच नव्याने मांडलं. विक्रीआधी ॲरिझोनाच्या चाचणी मार्गावर टर्बो लेगसीने १ लाख किमी सरासरी ताशी २२३.३४५ किमी वेगाने कापले. ४४७ तास ४४ मिनिटं, इंधन आणि चालक बदलण्याचे थांबे धरून. ब्रिटनच्या प्रोड्राइव्ह या शर्यतीच्या गाड्या तयार करणाऱ्या कंपनीने तिला जागतिक रॅलीत उतरवलं. कॉलिन मॅक्रेने १९९३ मध्ये न्यूझीलंडमधल्या रॅलीत तिला पहिला विजय मिळवून दिला आणि लगेच तिची जागा इम्प्रेझाने घेतली. १९९५, ९६, ९७ अशी सलग तीन उत्पादक विजेतेपदं. चालकांची विजेतेपदं मॅक्रे (१९९५), रिचर्ड बर्न्स (२००१) आणि पेटर सोलबर्ग (२००३) यांची. निळा रंग आणि पिवळे आकडे हा सगळा साज ५५५ सिगारेटच्या प्रायोजकत्वाचा, सोनेरी रिम त्याच्या जोडीला. रॅलीच्या ग्रुप ए नियमांनुसार तीच गाडी ठरावीक संख्येत सामान्यांना विकावी लागे, म्हणून इम्प्रेझाची डब्ल्यूआरएक्स ही आवृत्ती रस्त्यावर आली. १९९८ची २२बी ही तिची खास आवृत्ती जपानसाठी ४०० बनली. कंपनी २००८ अखेर रॅलीतून बाहेर पडली.

सुबारूच्या इंजिनाची ती ओळखीची गुरगुर मात्र रॅलीची देणगी नव्हे. फायरिंगचा, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा, क्रम १-३-२-४. १ आणि ३ एका बाजूला, २ आणि ४ दुसऱ्या बाजूला. म्हणजे एका बाजूचे दोन स्फोट लागोपाठ, मग दुसऱ्या बाजूचे दोन. त्यात दोन्ही बाजूंच्या एक्झॉस्टच्या नळ्या कमी-जास्त लांबीच्या, म्हणून ठोके विस्कटून पोहोचतात. समान लांबीचे हेडर (एक्झॉस्टच्या नळ्या) लावले की इंजिन जास्त मोकळा श्वास घेतं आणि आवाज इतर चार सिलिंडरसारखा होतो. चाहत्यांपैकी बरेच जण ताकद नको, आवाज ठेवा म्हणतात.

अमेरिकेत १९९०च्या दशकात विक्री पुन्हा ढासळली, तेव्हा कंपनीने टोयोटा-होंडाशी बरोबरी करणं सोडलं. गाडीसाठी जास्त पैसे मोजणारे गट तिने शोधले: शिक्षक, आरोग्यसेवक, संगणक क्षेत्रातले लोक, डोंगरदऱ्यांत भटकणारे आणि समलिंगी स्त्रिया. या शेवटच्या गटाला उद्देशून तिने जाहिराती केल्या. मोठ्या मोटार कंपन्या या विषयाला हात लावत नव्हत्या तेव्हा हे धाडसच होतं. सन २००० मध्ये उघडपणे समलिंगी असलेली टेनिसपटू मार्टिना नवरातिलोवा तिच्या जाहिरातीत होती. त्याच काळात अमेरिकेतली प्रत्येक सुबारू ऑल व्हील ड्राइव्ह झाली, आउटबॅक आली, १९९७ मध्ये फॉरेस्टर आली.

भारतात सुबारू आली ती दुसऱ्याच नावाने. जनरल मोटर्सचा तेव्हा फुजी हेवीत २० टक्के हिस्सा होता, म्हणून २०००च्या दशकात फॉरेस्टर इथे ‘शेव्हरोले’ म्हणून विकली गेली: जपानहून तयार आलेली, दोन लिटर पेट्रोल. आयात करामुळे किंमत चढली, डिझेल नव्हतं, आणि बघणाऱ्याला ती उंच स्टेशन वॅगन वाटायची. २००५ मध्ये जीएमने हिस्सा विकला, त्यातला काही टोयोटाने घेतला. आपल्याकडे उरलेल्या गाड्यांचे सुटे भाग शोधताना शेव्हरोलेच्या नव्हे, सुबारूच्या कॅटलॉगमध्ये पाहावं लागतं.

जी मांडणी गाडीला पकड देते तीच मेकॅनिकला घाम फोडते. सर्वांत बदनाम दुखणं २.५ लिटर ईजे मालिकेच्या इंजिनाच्या हेड गॅस्केटचं, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्या मधल्या सीलचं. १९९६ ते ९९च्या डबल कॅम इंजिनांत ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये शिरतो: लांब घाटात तापमानाचा काटा चढतो, कूलंटच्या बाटलीत बुडबुडे येतात, सपाटीवर सगळं ठीक. नंतरच्या सिंगल कॅममध्ये गळती बाहेरच्या बाजूला होते, आधी तेल, मग कूलंट. कारणं दोन: मोठ्या बोअरमुळे (सिलिंडरच्या व्यासामुळे) सिलिंडरभोवती टेकायला उरलेली अरुंद जागा, आणि सिलिंडर आडवे असल्याने जोडाची खालची कड गाडी उभी असतानाही कायम ओली. दुरुस्तीला त्याच जातीचं गॅस्केट पुन्हा घालू नये, अनेक पोलादी थरांचं घालावं. हेड सरळपट्टीवर तपासावं, ०.०५ मिमीपेक्षा जास्त बाक असेल तर घासून घ्यावं. इंजिन खाली उतरवलेलंच असतं, तेव्हा टायमिंग बेल्ट, आयडलर आणि वॉटर पंपही त्याच वेळी बदलावेत. बेल्टची मुदत जपानी बाजारात १ लाख किमी, अमेरिकेत १ लाख ५ हजार मैल. बहुतेक ईजे इंजिनांत बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात.

दुसरं दुखणं मालकच ओढवून घेतो: एकच टायर बदलून. चारही टायरांच्या घेरात ६ मिमीपेक्षा जास्त फरक नको, म्हणजे नक्षीच्या खोलीत साधारण १ मिमी. मोजायचं असं: टायर थंड, हवा चारही चाकांत सारखी, आणि मधल्या नक्षीवरून घट्ट टेप. फरक जास्त असेल तर सरळ रस्त्यावरही मधला क्लच किंवा व्हिस्कस कपलिंग सतत सरकत राहतं, तापतं, आणि शेवटी जाम होतं. जाम झालं की तीच जुनी पार्ट-टाइमची लक्षणं दिसतात. मोकळ्या जागेत स्टीअरिंग पूर्ण फिरवून चालण्याच्या वेगाने आठचा आकडा काढा. गाडी अडखळली, मागून धक्के आले, तर समजावं. जुन्या ऑटोमॅटिकमध्ये बॉनेटखाली ‘एफडब्ल्यूडी’ लिहिलेली रिकामी फ्यूजची जागा असते. तिथे फ्यूज घातला की मागची ओढ सुटते. तरीही अडखळत असेल तर क्लच किंवा त्याचा सोलेनॉइड (विजेवर चालणारी झडप) यांत्रिकपणे अडकला आहे. खर्चात पडण्याआधी गिअरबॉक्सचं तेल दोन-तीनदा काढून नवं भरून पाहावं, बऱ्याच वेळा तेवढ्यावर भागतं. वेगळ्या मापाची स्टेपनी लावतानाही तोच फ्यूज घालायचा.

आणि बंद पडलेली सुबारू न्यायची ती फ्लॅटबेडवरच. दोन चाकं उचलून ओढली तर जमिनीवरची चाकं शाफ्ट फिरवतात, उचललेली अडलेली असतात, आणि गॅरेजला पोहोचेपर्यंत मधला क्लच जळालेला असतो.