सोडा ब्रेडचे पीठ मळू नये, मुरतही ठेवू नये

घरी यीस्टचा पाव करणाऱ्यांना त्याची रीत नव्याने सांगायला नको: पीठ भरपूर मळायचे, उबेला झाकून ठेवायचे, फुगले की आकार देऊन पुन्हा थांबायचे आणि मग भाजायचे. हीच रीत यीस्टऐवजी खाण्याच्या सोड्याने फुगणाऱ्या आयरिश सोडा ब्रेडला सर्रास लावली जाते, ब्रेड विटेसारखा घट्ट होतो आणि दोष मात्र सोड्याला दिला जातो.

खरा फरक वायू केव्हा तयार होतो, यात आहे. यीस्ट पिठातील साखरेवर जगते आणि तासन्‌तास थोडाथोडा कार्बन डायऑक्साइड सोडत राहते. तो धरून ठेवायला ग्लुटेनचे, म्हणजे गव्हाच्या पिठातील प्रथिनांचे, चिवट जाळे लागते आणि ते मळण्याने बळकट होते. याउलट खाण्याचा सोडा आणि ताकातील लॅक्टिक आम्ल यांची क्रिया दोन्ही एकत्र येताक्षणी सुरू होते आणि लवकरच ओसरू लागते. असे पीठ झाकून तासभर ठेवले, तर ब्रेड हलका करणारा वायू ओव्हन दिसण्यापूर्वीच निघून जातो, आणि मळले, तर उरलेल्या वायूलाही जागा न देणारा चिवटपणा तेवढा येतो. म्हणून ओव्हन आधी २३० अंश सेल्सिअसला तापवावा, मगच ताक ओतावे, कोरडे पीठ दिसेनासे होईपर्यंतच हलक्या हाताने कालवावे आणि ओबडधोबड, चिकटसर गोळा तसाच आत सरकवावा. तो गुळगुळीत करण्याचा मोह कटाक्षाने टाळावा.

आयर्लंडमध्ये हा ब्रेड १८३० च्या दशकापासून रुजला, कारण तिथल्या दमट, थंड हवेत पिकणारा मऊ गहू ग्लुटेनला कमी असतो आणि यीस्टच्या पावापेक्षा या ब्रेडलाच मानवतो. घरोघरी ओव्हन नसल्याने तो पीटच्या (दलदलीतून कापून वाळवलेल्या जळाऊ मातीच्या) विस्तवावर, झाकणावरही निखारे ठेवलेल्या जाड बिडाच्या भांड्यात भाजला जाई.

४५० ग्रॅम मैद्याला एक सपाट लहान चमचा (टीस्पून) सोडा, एक लहान चमचा मीठ आणि सुमारे ३५० ते ४०० मिलिलिटर ताक पुरते. आपले जेवणानंतरचे पातळ ताक इथे चालत नाही. आम्ल कमी पडले की सोडा शिल्लक राहतो आणि ब्रेडला साबणासारखी चव येते, त्यामुळे आंबट दही थोड्या पाण्यात घुसळून घ्यावे. बेकिंग पावडर घालू नये, कारण तिच्यात स्वतःचे आम्ल असते आणि ताकाचा आंबटपणा तसाच राहतो. साखर, अंडी आणि लोणी घातलेला प्रकार अमेरिकेत याच नावाने खपतो; तो चांगला केक असेल, पण रोजच्या जेवणातला साधा सोडा ब्रेड नव्हे.

वर खोल फुली कापावी, म्हणजे मधला भागही नीट भाजतो. पंधरा मिनिटांनी आच २०० अंशांवर आणून आणखी अर्धा तास भाजावे. तळाला टकटक केल्यावर पोकळ आवाज आला की ब्रेड झाला. तो त्याच दिवशी संपवावा, कारण यीस्टच्या पावाहून तो लवकर कोरडा पडतो, आणि उरलाच तर दुसऱ्या दिवशी काप भाजून, भरपूर लोणी लावून खावा.