पेशींचा निरोप : सूज, ॲलर्जी आणि ‘नियोजित’ मृत्यूची पार्श्वभूमी

मुंबईत ॲलर्जीच्या ओपीडीत गेलात तर हातावर कोपरापासून मनगटापर्यंत पेनने आकडे घालतात, प्रत्येक आकड्याशेजारी एकेक थेंब ठेवतात आणि त्या थेंबातून सुई हलकेच टोचतात. घरातल्या धुळीतली माइट (डोळ्यांना न दिसणारा बारीक कीटकासारखा जीव), झुरळ, पावसाळी बुरशी, परागकण. या रांगेत दोन थेंब वेगळे असतात, एक नुसत्या सलाइनचा आणि एक हिस्टामिनचा. सलाइनच्या जागी काही व्हायला नको. हिस्टामिनच्या जागी पंधरा-वीस मिनिटांत डास चावल्यासारखी गांध उठायलाच हवी. नाही उठली तर बहुतेक वेळा पेशंटने एक-दोन दिवसांत सर्दीची गोळी घेतलेली असते, आणि सगळी चाचणी पुढे ढकलावी लागते.

हे हिस्टामिन आपल्याच कातडीखालच्या मास्ट पेशींत भरलेलं असतं. आज हे एका ओळीत सांगून होतं, पण ती ओळ जुळायला पाऊण शतक गेलं. १८७८ साली एका जर्मन वैद्यक विद्यार्थ्याने कृत्रिम रंग वापरून या दाणेदार पेशी टिपल्या. दाणे म्हणजे साठवलेलं अन्न असा त्याचा समज, म्हणून ‘खाऊ घालून लठ्ठ करणे’ या अर्थाच्या शब्दावरून त्याने त्यांचं बारसं केलं. समज चुकला, नाव राहिलं. हिस्टामिन १९०७ मध्ये प्रयोगशाळेत तयार झालं, १९१० पासून त्याचे परिणाम जनावरांवर तपासले गेले, १९२७ मध्ये ते ताज्या यकृतात आणि फुफ्फुसात मुळातच असतं हे दिसलं, आणि मास्ट पेशींच्या दाण्यांशी त्याची गाठ पडली ती १९५३ मध्ये. दाणे फोडायला लावणारं प्रतिपिंड, आयजीई, १९६६-६७ च्या सुमारास अमेरिकेत आणि स्वीडनमध्ये वेगवेगळं हाती लागलं. म्हणजे हिस्टामिनला अडवणारे रेणू १९३७ पासून माहीत होते आणि ते सुटतं कशामुळे, ते कळायला आणखी तीस वर्षं गेली.

आयजीई मास्ट पेशीवर आधीच बसून असतं. माइटचं प्रथिन आलं की ते शेजारशेजारच्या आयजीईंना एकत्र बांधतं, पेशीत कॅल्शियम चढतं आणि काही मिनिटांत दाणे रिकामे होतात. त्यामागून पेशी आपल्याच पटलातल्या मेदापासून ल्युकोट्राइन बनवते, त्याने श्वासनलिका आवळतात. काही तासांनी तिसरी खेप, सायटोकाइनची, म्हणजे पेशी एकमेकींना धाडतात त्या प्रथिन-निरोपांची, आणि तिच्या बोलावण्यावरून इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी येऊन ठाण मांडतात. दादर-परळच्या केमिस्टकडे सर्रास मिळणारी लेव्होसेट्रिझीन-मॉन्टेलुकास्टची जोडगोळी पहिल्या दोन खेपांसाठी आहे. तिसऱ्या खेपेसाठी दम्यात स्टेरॉइडचा पंप लागतो, आणि लोक नेमका तोच टाळतात.

‘ॲलर्जी’ हा शब्द १९०६ चा, व्हिएन्नातला. तेव्हा त्याचा अर्थ शरीराची बदललेली प्रतिक्रिया एवढाच होता. लशीने मिळणारं संरक्षणसुद्धा त्यात बसत होतं. मराठी परिभाषेत त्याचं ‘अधिहर्षता’ झालं, जे ऐकून कुणालाही पेशंट फार खूश आहे असं वाटावं. २०२५ च्या पावसाळ्यात दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला तेव्हा जो तो ‘कबुतरांची ॲलर्जी’ म्हणत होता. विष्ठेने आणि पिसांच्या भुकटीने फुफ्फुसाला होणाऱ्या त्या गंभीर आजारात सूत्रधार आयजीई नसतंच. तिथे वेगळी प्रतिपिंडं आणि टी पेशी (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) असतात, आणि हातावरची ती टोचणी त्याच्या निदानाला कामाची नाही. १९०६ च्या अर्थाने मात्र तो आजारही ॲलर्जीच.

सुजेचा जुना इतिहास थोडक्यात उरकतो. लाली, सूज, ऊब, वेदना ही रोमन चौकडी पाठ्यपुस्तकांत असतेच. सुश्रुतसंहितेत व्रणाच्या सुजेच्या आम, पच्यमान आणि पक्व अशा पायऱ्या आहेत, आणि कधी चिरायचं ते त्यावरून ठरायचं. १८८२ मध्ये सिसिलीच्या किनाऱ्यावर तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा खुपसून पाहिला, तेव्हा भटक्या पेशी त्याच्याभोवती गोळा झाल्या. त्यांना कुणी कळवलं, हा प्रश्न पुढे जवळजवळ शंभर वर्षं लोंबकळत राहिला.

उत्तरं आली ती एकाच वस्तूला चार नावं घेऊन. उंदरातल्या गाठी ज्याने मरतात तो घटक म्हणून १९७५ मध्ये टीएनएफ सापडला. दुसरीकडे जनावराला खंगवणाऱ्या घटकाचा शोध चालू होता. १९८५ मध्ये कळलं, दोन्ही रेणू एकच. ताप आणणाऱ्या घटकाचंही तेच झालं. असल्या गोंधळावर १९७९ मध्येच स्वित्झर्लंडमधल्या एका बैठकीत अशा निरोप-रेणूंना ‘इंटरल्युकिन’ म्हणून आकडे लावून मोकळे झाले होते, म्हणून आज आयएल-१ आणि आयएल-६ म्हणतो. २०२० मध्ये, कोविडच्या साथीत, हा आयएल-६ मुंबईतल्या घराघरांत पोचला: नातेवाईक त्याचे रिपोर्ट व्हॉट्सॲपवर पाठवत होते आणि त्याला अडवणाऱ्या टोसिलिझुमॅबसाठी वणवण करत होते. त्याच वर्षी जूनमध्ये मोठ्या चाचणीतून सिद्ध झालं ते साधं, स्वस्त स्टेरॉइड, डेक्सामेथासोन.

आता मृत्यू. इथे खरा गुंता आहे, आणि तो निम्मा शब्दांचा आहे.

‘प्रोग्रॅम्ड सेल डेथ’ हे शब्द १९६४ मध्ये रेशमाच्या जातीच्या पतंगांवरच्या कामातून आले. कोशातून बाहेर पडल्यावर पतंगाचे काही स्नायू ठरलेल्या वेळी नाहीसे होतात, तेवढ्यापुरता तो शब्द होता. त्याच सुमारास लंडनमध्ये एक ऑस्ट्रेलियन पॅथॉलॉजिस्ट उंदरांच्या यकृताचा रक्तपुरवठा अंशतः बांधून पाहत होता. मधल्या पेशी फुगून फुटत होत्या आणि त्यांच्याभोवती सूज होती. कडेच्या काही पेशी मात्र आक्रसून, तुकडे होऊन शेजाऱ्यांच्या पोटात जात होत्या, सुजेचा मागमूस नाही. आधी त्याला ‘आक्रसणारा नेक्रोसिस’ (नेक्रोसिस म्हणजे इजेने पेशी मरणं) म्हटलं. १९७२ मध्ये ॲबर्डीनला तिघांनी मिळून निबंध लिहिला आणि ग्रीक भाषेच्या एका प्राध्यापकाच्या सल्ल्याने ‘अपॉप्टोसिस’ शब्द आणला, पानं-पाकळ्या गळणे या अर्थाचा.

ध्यानात घ्यायचं ते हे की दोन्ही शब्दांची मापं वेगळी होती. पहिला वेळापत्रकाविषयी होता, दुसरा सूक्ष्मदर्शकाखालच्या रूपाविषयी. पुढच्या वीस वर्षांत ते समानार्थी झाले आणि मराठीत दोन्हींचं मिळून ‘नियोजित पेशीमृत्यू’ झालं. तिथून निघालेला सरळसोट धडा माझ्या पिढीने परळच्या वर्गात उतरवून घेतला: नियोजित मृत्यू शांत, सूज नाही, अपघाती मृत्यू फुटणारा, सूज येणार. माझ्या मते या एका तक्त्याने जेवढं नुकसान केलं तेवढं कुठल्याही चुकीच्या प्रयोगाने केलं नसेल.

कारण तक्ता मोडणारा पुरावा १९९३ मध्येच आला होता. एका सूक्ष्म जंतात शरीराच्या १०९० पेशी तयार होतात आणि त्यातल्या १३१ ठरून मरतात. त्यांना मारणाऱ्या जनुकाचा क्रम वाचला तर माणसातलं त्याचं भावंड निघालं ते आयएल-१ कापून तयार करणारं एन्झाइम. मरणाचं हत्यार आणि सुजेचं हत्यार एकाच घरातलं! १९९६ मध्ये या घराण्याला ‘कॅस्पेज’ आडनाव मिळालं, आणि क्रमांक एक मिळाला सूज आणणाऱ्यालाच. त्याआधी, १९९२ मध्ये, आमांशाचा शिगेला जिवाणू जंतू गिळणाऱ्या मॅक्रोफेज पेशींना मारतो त्याला अपॉप्टोसिसच म्हटलं गेलं होतं. पुढे दिसलं की हे मरण कॅस्पेज-१ चं, फुगून फुटणारं आणि सूज पसरवणारं. २००१ मध्ये त्याला ‘पायरोप्टोसिस’ नाव पडलं. २०१५ मध्ये पटलाला भोकं पाडणारं गॅसडर्मिन-डी सापडलं. २०१७ मध्ये कळलं की अपॉप्टोसिसचं खास मानलेलं कॅस्पेज-३ सुद्धा दुसरं गॅसडर्मिन कापून पेशी फोडू शकतं. २०२१ मध्ये तर शेवटचं फुटणंदेखील आपोआप होत नाही, त्यालाही एक प्रथिन लागतं, हे दिसलं.

पेशीमृत्यूच्या नामकरण समितीने २००५ पासून वेळोवेळी शिफारशी केल्या. २०१८ मध्ये तिने मृत्यूचे डझनभर प्रकार लावले आणि ठरवलं की ‘नियंत्रित’ हा मोठा वर्ग, ‘प्रोग्रॅम्ड’ फक्त वाढीतल्या आणि रोजच्या झिजेतल्या मृत्यूंपुरता. तर्क चोख आहे. पण त्यामुळे त्याच कॅस्पेजने, त्याच पायऱ्यांनी मेलेली पेशी गर्भात असेल तर ‘प्रोग्रॅम्ड’ आणि किमोथेरपीने मेली तर नुसती ‘नियंत्रित’ ठरते. परळच्या कर्करोग वॉर्डात हा भेद कुणाच्या कामाचा आहे, मला सांगता येत नाही.

आणि टीएनएफ तर कुठल्याच खान्यात बसत नाही. तो पेशीच्या दारावर आला की आत आधी एक प्रथिनसंच जुळतो, पेशी जगते आणि सुजेचे निरोप धाडते. तो संच अडवला तर कॅस्पेज-८ पेशीला गुपचूप मारतं. तेही अडवलं तर ‘नेक्रॉप्टोसिस’, म्हणजे फुटून मरण. निरोप एकच, मरण-जगणं आतल्या तयारीवर.

या रेणूला अडवणारी इंजेक्शनं संधिवातासाठी आणि आतड्याच्या सुजेसाठी १९९८ पासून वापरात आली. २००१ मध्ये ध्यानात आलं की ती घेतलेल्यांत दबलेला टीबी उसळतो, कारण टीबीच्या जंतूंना कोंडून ठेवणारी पेशींची गाठ टीएनएफच्याच जोरावर टिकते. मुंबईत अशा इंजेक्शनची चिठ्ठी हातात पडण्याआधी छातीचा एक्स-रे आणि टीबीची तपासणी सांगतात. पेशंट म्हणतो, माझे तर सांधे दुखतायत.