हातांची ऊब, हिवाळी शिकारीतील

बर्फाळ प्रदेशात सावजाची वाट पाहत बसलेल्या शिकाऱ्याने आपली बोटे कोरडी, उबदार आणि ऐनवेळी कामाला येतील इतकी मोकळी कशी ठेवायची, यासंबंधीचे शास्त्र आणि रीती. भारतात १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याखाली शिकारीवर बंदी आहे. त्यामुळे या विषयाची खरी भूमी म्हणजे आर्क्टिक आणि अमेरिका-कॅनडाचा उत्तर भाग. मात्र स्पितीत हिमबिबट्याची वाट पाहत कॅमेरा धरून बसणाऱ्यांची अडचणही हीच असल्याने खालील बहुतेक गोष्टी त्यांनाही लागू पडतात.

चालत्या माणसाचे हात सहसा गारठत नाहीत, बसलेल्याचे गारठतात. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात बंदुकीने हरणांची शिकार करण्याचा नऊ दिवसांचा मुख्य हंगाम नोव्हेंबरच्या उत्तरार्धात, थँक्सगिव्हिंग या सणाच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो. शिकारी उजाडण्यापूर्वी रानात शिरतो, झाडाला बांधलेल्या मचाणावर चढतो आणि तासन् तास हालचाल न करता बसतो, कारण हरणाला हालचाल चटकन दिसते. स्नायू स्वस्थ बसले की शरीराची उष्णता निर्माण करण्याची मुख्य सोयच बंद पडते. त्यात नवशिका माणूस सगळे कपडे अंगावर चढवून मचाणापर्यंत झपाझप चालतो आणि घामेजतो. तो घाम पुढे बसल्या जागी त्याला गारठवतो. जाणते शिकारी जाकिटाची चेन उघडी ठेवून, जाड हातमोजे पिशवीत टाकून सावकाश चालतात आणि जागेवर पोचून श्वास स्थिरावला की मगच अंग झाकतात. दिवसभराच्या उबेचा अर्धा निकाल या चालण्यातच लागतो.

बोटे आधी का गारठतात हे त्यांच्या रचनेतच आहे. बोट लांब आणि बारीक, म्हणजे वस्तुमानाच्या मानाने त्वचा फार. आणि त्यात उष्णता निर्माण करणारे स्नायू नाहीत. बोटे हलवणारे स्नायू तळहातात आणि कोपर ते मनगट या भागात असतात, बोटांपर्यंत पोचतात त्या फक्त कंडरा, म्हणजे स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या दोऱ्या. बोटांना ऊब मिळते ती रक्तातून. धड गार पडू लागले की हृदय, फुप्फुसे आणि मेंदू जपण्यासाठी शरीर हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसून घेते. म्हणून बोटे काकडली की आणखी जाड हातमोजे शोधण्याआधी डोक्यावर टोपी, गळ्याला मफलर आणि छातीवर गरम बंडी आहे का ते पाहावे. मनगटाची आतली बाजू तर फारच दुर्लक्षित राहते. तिथे रक्तवाहिन्या त्वचेच्या अगदी जवळून जातात आणि बाही व हातमोजा यांच्यामधली फट नेमकी तिथेच पडते. नॉर्वे आणि बाल्टिक देशांत लोकरीचे विणलेले मनगटपट्टे वापरण्याची जुनी रीत आहे, ती याचसाठी.

हाताच्या त्वचेचे तापमान सुमारे १५ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की बोटांचे कसब घसरू लागते आणि ८ अंशांच्या आसपास स्पर्श जवळजवळ कळेनासा होतो. चापावर बोट आहे की नाही हे बोटालाच समजत नसेल, तर ती बंदूक शेजाऱ्यासाठी धोक्याची. बर्फाच्या पाण्यात बुडवलेल्या बोटातील आकसलेल्या रक्तवाहिन्या पाच-दहा मिनिटांनी थोडा वेळ उघडतात आणि पुन्हा मिटतात, हे चक्र ब्रिटिश वैद्यक सर टॉमस लुईस यांनी १९३० मध्ये नोंदवले. रोज गार पाण्यात हात घालणाऱ्या मासेमारांत आणि आर्क्टिकमधील लोकांत ही उघडझाप अधिक जोमदार असल्याचे आढळले आहे. पण धड गारठलेले असेल तर ती मंदावते. म्हणजे सवयीच्या हातालाही अंगातल्या उबेचा आधार लागतोच.

या विषयातले सर्वांत खोल ज्ञान आर्क्टिकच्या मूळ रहिवाशांकडे, इन्यूइट लोकांकडे आहे, असे म्हणायला हरकत नाही. हिवाळ्यात समुद्र गोठला की सील श्वास घेण्यासाठी बर्फात भोके राखून ठेवतो. शिकारी अशा एखाद्या भोकाशी हारपून, म्हणजे दोर बांधलेला भाला, घेऊन उभा राहतो, पायाखाली कातड्याचा तुकडा टाकतो आणि सील वर येईपर्यंत, कित्येकदा तासन् तास, हालत नाही. कोरड्या कडाक्याच्या थंडीसाठी कॅरिबूच्या, म्हणजे उत्तरेकडील रेनडियरच्या, कातड्याचे मिटन वापरतात. मिटनमध्ये चार बोटांना एकच कप्पा आणि अंगठ्याला वेगळा कप्पा असतो. कॅरिबूच्या केसांत हवेच्या पोकळ्या असल्यामुळे ते वजनाला हलके आणि उबेला भारी असतात. ओलसर हवेत आणि पाण्याजवळच्या कामाला सीलचे कातडे घेतात. ग्रीनलंडमधील कयाक, म्हणजे अरुंद होडी, वल्हवणाऱ्या शिकाऱ्यांच्या मिटनांना दोन-दोन अंगठे शिवलेले आढळतात: तळव्याची बाजू भिजली किंवा झिजली की मिटन फिरवून दुसरी बाजू वापरायची. अंगातला केसाळ सदरा मुद्दाम इतका सैल शिवतात की बाह्यांतून हात आत ओढून थेट छातीशी धरता येतात. कोणत्याही कारखान्याने यापेक्षा भरवशाची शेगडी अजून काढलेली नाही.

बंदुकीमुळे एक नवा पेच आला: बोट झाकलेही पाहिजे आणि मोकळेही. मिटनमध्ये बोटे एकमेकांची ऊब घेतात, म्हणून ते पाच बोटांच्या हातमोज्यापेक्षा नेहमीच गरम; पण त्यातून चाप ओढता येत नाही. अमेरिकी लष्कराने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तर्जनीला वेगळा कप्पा असलेले मिटन वापरले. आज शिकाऱ्यांत तळव्याला चीर असलेले, पुढचा भाग मागे दुमडता येणारे मिटन अधिक चालतात. आत रेशमाचा किंवा लोकरीचा पातळ हातमोजा असतो, त्यामुळे चाप ओढतानाही कातडी उघडी पडत नाही आणि गोठलेल्या लोखंडाला चिकटत नाही. जाड हातमोजा घालून चापाच्या कडीत बोट घालणे मात्र निषिद्ध मानावे, कारण कापडाची घडी चापावर दाब देते आणि बार उडतो. मचाणावर बसणाऱ्यासाठी माझ्या मते उत्तम सोय म्हणजे कमरेला बांधायची केसाळ नळी, म्हणजे मफ. दोन्ही हात दोन बाजूंनी आत, हातांत फक्त पातळ हातमोजे. सावज दिसले की हात निमूटपणे बाहेर.

बदकांच्या शिकारीत वैरी वाऱ्यापेक्षा पाणी. पाणी हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेते आणि तरंगती नकली बदके मांडताना हात कोपरापर्यंत बुडतात. त्या कामापुरते लांब रबरी किंवा निओप्रीन या कृत्रिम रबराचे हातमोजे घालावेत, काम झाल्यावर हात पुसून कोरडे लोकरी हातमोजे चढवावेत. लोकर ओलावा धरूनही बरीच ऊब राखते. सुती हातमोजा भिजला की नसलेला बरा.

बाहेरून उष्णता देण्याची साधने जपानमध्ये विशेष विकसित झाली. तिथे तापवलेला दगड कापडात गुंडाळून अंगाशी धरण्याची जुनी चाल होती. १९२३ मध्ये निइची मातोबा यांनी बेन्झिनची वाफ प्लॅटिनमच्या साह्याने ज्योतीविना जाळणारी धातूची डबी, ‘हाक्किन काइरो’, बाजारात आणली. १९५० च्या दशकात अशाच तत्त्वावरची ‘जॉन-ई’ ही डबी अमेरिकी शिकाऱ्यांच्या खिशात पोचली. १९७८ पासून जपानमध्ये ‘होकारोन’ या नावाने एकदा वापरून टाकायच्या पुड्या लोकप्रिय झाल्या. त्यांत लोखंडाचा कीस, मीठ, पाणी, कोळशाची पूड आणि व्हर्मिक्युलाइट हे ओलावा धरणारे खनिज असते, आणि पुडी फोडून हवा लागली की लोखंड भराभर गंजून उष्णता देते. ही पुडी घट्ट हातमोज्यात कोंबली की प्राणवायूअभावी विझत जाते. ‘माल खराब निघाला’ ही तक्रार पुष्कळदा यातूनच येते. ती पंधरा-वीस मिनिटे आधी उघडून मनगटाच्या आतल्या बाजूला किंवा मफमध्ये सैल ठेवावी, उघड्या कातडीला मात्र लावू नये. काश्मिरात फेरन या सैल अंगरख्याच्या आत धरली जाणारी निखाऱ्यांची कांगडी याच कुळातली.

तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात. मद्याने त्या रुंदावतात, हातांना क्षणभर गरम वाटते आणि अंगातली उष्णता निघून जाते. दोन्ही टाळावे. बोटे बधिर होऊ लागली तर मचाणावरून उतरून हात खांद्यापासून गरगर फिरवावा, म्हणजे रक्त बोटांच्या टोकांकडे लोटले जाते. नाहीतर हात काखेत धरावेत.

उणे २० अंश तापमानात ताशी ३० किलोमीटर वारा असेल तर त्वचेला उणे ३३ अंशांसारखी थंडी लागते आणि उघडे कातडे दहा ते तीस मिनिटांत गोठू शकते. बोट पांढुरके, मेणचट आणि कडक दिसू लागणे व त्यातली वेदना नाहीशी होणे हे हिमदंशाचे लक्षण. दुखायचे थांबले म्हणजे बरे वाटले, अशी समजूत इथे बोट गमावण्यापर्यंत नेते. नेपोलियनचा शल्यवैद्य लारे याने १८१२ च्या रशिया मोहिमेतील अनुभवावरून गोठलेला अवयव बर्फाने चोळण्याचा सल्ला दिला आणि तो शतकाहून अधिक काळ पाळला गेला. चोळण्याने मेलेल्या-अर्धमेलेल्या ऊती आणखी फाटतात, त्यामुळे आज तो पूर्णपणे त्याज्य आहे. शेकोटीवरही हात धरू नये, कारण बधिर कातडीला भाजल्याचे कळत नाही. बोट ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात ठेवून गरम करावे, तेही ते पुन्हा गोठणार नाही अशा ठिकाणी पोचल्यावरच. वितळून पुन्हा गोठलेल्या बोटाची हानी कितीतरी जास्त होते.