मदरबोर्डचे कंडेन्सर : बिघाड आणि निदान

जुन्या संगणकाच्या मदरबोर्डवर वीजपुरवठा स्थिर ठेवणारे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वयाने, उष्णतेने किंवा मूळच्या सदोष रसायनामुळे निकामी होतात, त्या बिघाडाची ही नोंद. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात दुरुस्तीच्या टेबलावर पंख्याच्या जमान्यापासूनचा ‘कंडेन्सर’ हाच शब्द चालतो.

इतका जुना बोर्ड दुरुस्त करतं कोण, असा प्रश्न पडेल. लग्नपत्रिका छापणाऱ्या डीटीपीवाल्याला विचारावा. त्याच्या जुन्या मराठी फॉन्टचं डोंगल, म्हणजे ज्याच्याशिवाय तो फॉन्ट चालत नाही ती किल्ली, प्रिंटर पोर्टला लागतं आणि नव्या संगणकाला सहसा ते पोर्टच नसतं. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत जुन्या यंत्राला जोडलेल्या संगणकाचीही तीच गत.

साधारण १९९९ ते २००७ या काळात बनलेल्या अनेक बोर्डांत पाण्याचा अंश जास्त असलेलं इलेक्ट्रोलाइट (वीज वाहणारं द्रव) भरलेले कपॅसिटर बसवले गेले. ॲल्युमिनियमला गंजू न देणारं द्रव्य त्यात नीट नव्हतं. आत हायड्रोजन वायू साठतो आणि डब्याचं डोकं फुगतं. डोक्यावर अधिकच्या चिन्हाच्या (+) किंवा ‘के’ आकाराच्या खाचा मुद्दाम पाडलेल्या असतात. दाब वाढला की स्फोट न होता तिथूनच फाटावं, हा हेतू.

गिऱ्हाईक सांगतं ते असं : “सकाळी चालूच होईना झालंय. चार-पाचदा बटण दाबलं की मग होतंय, आणि दिवसभर काही नाही.” हे ऐकून बहुतेकांचं बोट लाइटकडे किंवा पावसाळी ओलीकडे जातं. लाइटचा दोष असतोही, पण तक्रार थंडीतच वाढत असेल तर संशय कंडेन्सरवर घ्यावा. गारठ्यात इलेक्ट्रोलाइटचा अंतर्गत रोध, म्हणजे ईएसआर, वाढतो. बोर्ड गरम झाला की उतरतो. प्रोसेसरच्या सॉकेटभोवतीच्या कंडेन्सरांवर हेअर ड्रायरने दोन मिनिटं ऊब दिली आणि संगणक पहिल्या झटक्यात उठला, तर अर्धं निदान झालं. आपोआप रीस्टार्ट होणं, निळा पडदा, विंडोज भरताना अडकणं ही बाकीची लक्षणं. रॅम खराब झाली तरी हीच दिसतात, म्हणून आधी रॅम बदलून पाहावी.

मग डोळ्यांनी पाहणी. बॅटरी (टॉर्च) तिरकी धरून डोकी एका रेषेत आहेत का ते बघावं. फुगवटा, तपकिरी चिकट ओघळ, खालून बाहेर आलेला रबरी बूच ही चिन्हं. बुडाशी दिसणारा पिवळट डिंक मात्र कारखान्यात लावलेला असू शकतो; त्याला गळती समजून चांगले कंडेन्सर काढणारेही पुष्कळ.

सपाट डोकं म्हणजे निरोगी, असंही नाही. साध्या मल्टिमीटरवर धारिता, म्हणजे वीज साठवण्याची क्षमता, ठीक दिसते आणि ईएसआर मात्र कित्येक पट वाढलेला असतो. बोर्डवर बसवलेल्या स्थितीत मोजलं तर आणखी फसगत : १५०० मायक्रोफॅरडचे सहा कंडेन्सर समांतर असतील तर मीटर सगळ्यांची बेरीज दाखवतो, आणि त्यातला एक आजारी असला तरी उरलेले पाच त्याला झाकून घेतात. संशयिताला काढूनच मोजावं. प्रोसेसरजवळच्या चांगल्या कंडेन्सरचा ईएसआर काही शतांश ओहम असतो. एक ओहम दिसला की तो गेला.

बोर्ड ठीक वाटला तर एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा, तपासावं, पण तिथे सांभाळून. बोर्डवर बारा व्होल्टच्या वर काही नसतं. एसएमपीएसच्या मोठ्या कंडेन्सरात प्लग काढल्यावरही तीनशेच्या वर व्होल्ट राहू शकतात.

बदली कंडेन्सर तेवढ्याच धारितेचा, तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचा, १०५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानाचा आणि कमी ईएसआरचाच घ्यावा. पट्टी असलेला पाय ऋण असतो. बोर्डवर कंडेन्सरच्या जागेच्या गोलाची रंगवलेली अर्धी बाजूही सहसा ऋणच, पण काही बोर्डांवर ही खूण नेमकी उलटी छापलेली असते, म्हणून जुना कंडेन्सर उपटण्याआधी मोबाइलवर एक फोटो काढून ठेवावा.